कोरड्या कोपऱ्यातली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात. आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा हाल सांगतात. कुणाला अडगळीत टाकलेलं असतं, कुणाला वाळवी लागलेली असते. माझी तक्रार उलटी आहे. मला फार जपलं. ज्या घरात मला जपलं त्याच घरात दोन लेकरं होती, आणि त्यांना कुणी जपलं नाही. हे आठवलं की आजही माझ्या भात्यात हवा मावत नाही, इतका राग येतो. गोड सूर ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठून जा.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारातला. ईश्वरदास नावाचे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी सागवानाच्या फळ्या रंधून माझं अंग घडवलं, पितळेचे सूर एकेक करून कानाशी धरून बसवले, भात्याला मऊ कातडं लावलं. मला पहिल्यांदा वाजवून झाल्यावर ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा बेटी, लोगों के काम आना."

मी कामाला आले. आधी गोंदियाजवळच्या मुर्री गावच्या भजन मंडळात होते. तिथे दर गुरुवारी मला काढायचे, पुसायचे, वाजवायचे आणि भजन संपलं की पोरांच्या हातावर लाह्या आणि खोबरं पडायचं. ती माझी सुखाची वर्षं. पुढे मंडळाने नवी पेटी घेतली आणि मला विकायला काढलं.

मला घ्यायला आला रूपलाल. दरेकशाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. पोवार शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, वाट्याला धानाची चांगली बांधी, म्हणजे भातशेती, आलेली. पण त्याचं मन मातीत नव्हतं. खांद्यापर्यंत केस, भरदार गळा, आणि बोलायला लागला की समोरच्याने कामधंदा विसरून ऐकत बसावं असा माणूस. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली होती. त्याने त्याच आठवड्यात बैलजोडी बाजारात विकली आणि मला डोक्यावर घेऊन घरी आला.

दारात त्याचा मोठा भाऊ केवळराम उभा होता.

"रुपा, बैल कुठी हायेत?"

"दादा, पेटी आनली! आवाज तं ऐक एकडाव."

केवळरामने आवाज ऐकला नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आता नांगराले पेटी जुंपशीन का?"

त्या वर्षापासून रूपलालची बांधी केवळराम वाहू लागला. वाट्याचं धान तो पोत्यांत भरून आणून टाकायचा. त्यावर रूपलालचं घर चालायचं. चालायचं म्हणजे, चाललं तर.

रूपलालची बायको कुंता. तीही गाणारी. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. त्या नाटकांत रूपलाल राजा व्हायचा आणि कुंता राणी. बाईमाणसाने तोंडाला रंग लावून उभं राहावं, हे गावाला पटत नव्हतं. लोक नावं ठेवायचे. मित्रांनो, माझा राग त्यावर नाही. गाणं हा काही गुन्हा नव्हे. कुंता गायला लागली की माझे सूरसुद्धा लाजायचे, हे मी खोटं बोलणार नाही. माझा राग गाणं संपल्यावर जे व्हायचं त्याच्यावर आहे.

त्या दोघांना भूमेश्वरी नावाची मुलगी होती आणि तिच्याहून बराच लहान ओमेश्वर. त्याला सगळे ओमू म्हणत.

पावसाळ्यात त्या घराची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, जागोजाग गळायची. घरात एकच कोपरा कोरडा राहायचा. त्या कोपऱ्यात घरातली एकुलती एक खाट, खाटेवर मी, माझ्या अंगावर घरातली एकुलती एक जाड गोधडी आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद. किडा लागू नये म्हणून माझ्या आत कडुनिंबाचा पाला. आणि खाली ओल्या भुईवर, रिकामी पोती पांघरून, ती दोन लेकरं.

एकदा ओमू खोकून खोकून निळा पडला. भूमेश्वरी तेव्हा नऊ वर्षांची असेल. तिने बापाला विचारलं, "बाबा, ओमूले खाटेवर निजवू का? खाली लय वल्लं हाय."

रूपलाल चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही, हीच तर मेख होती. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बेटा, मानूस भिजला तं वाळते. पेटी भिजली तं मरते."

किती सुंदर वाक्य! दुसऱ्या दिवशी त्याने ते पानठेल्यावर चार लोकांना ऐकवलं आणि चौघांनी वाहवा केली. असल्या सुंदर वाक्यांच्या छपराखाली ती दोन लेकरं भिजत होती. मला तोंड असतं तर मी त्या खाटेवरून ओरडले असते की अरे, मला खाली टाक. मी लाकूड आहे, मला पुन्हा घडवता येतं.

त्या घरी पाहुणे फार यायचे. कुठला तबलजी, कुठला नाटक लिहिणारा, कुठला नुसताच केस वाढवलेला. आले की रूपलाल हाक मारायचा, "कुंता, भात टाक! कलाकार उपाशी गेला तं सरस्वती कोपते." मोठ्या गंजात भात शिजायचा. पाहुणे जेवायचे, मला वाजवायचे, रूपलालला देवमाणूस म्हणायचे आणि निघून जायचे. मग पोत्याचा तळ दिसायचा. केवळरामने धान पुरवायला हवं होतं की नको हा वाद बाजूला ठेवा. त्याने आणलेलं धान कुणाच्या पोटात जात होतं ते मी बघत होते.

धान संपलं की भूमेश्वरी टोपली घेऊन जंगलात जायची. कधी वास्ते आणायची, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. कधी कुड्याची फुलं, तर कधी बांधावरचा तरोटा. मीठ टाकून उकडायची आणि ओमूला भरवायची. दुपारी शाळेत खिचडी मिळायची म्हणून ती ओमूला कडेवर घेऊन शाळेत जायची. तो शाळेच्या वयाचा नव्हता. पण सुलोचनाबाई नावाच्या शिक्षिका होत्या, त्या बघूनही बघत नसत. भूमेश्वरीच्या ताटात त्या दुप्पट वाढायला लावत आणि म्हणत, "खा वं पोरी, तुम्ही दोघं खा."

आणि कुंता? तिला लेकरांचा लळा नव्हता असं नाही. म्हणूनच तर मला तिचा जास्त संताप येतो. ओमू भुकेने रडायला लागला की ती त्याला मांडीवर घ्यायची, मला जवळ ओढायची आणि एका हाताने सूर धरून गायची. इतकं गोड गायची की बाहेर जाणारा माणूस थांबायचा. ओमू हुंदके देत देत झोपायचा. मग ती डोळे पुसून हसत म्हणायची, "पाह्यलं का भूमे? गान्यानं पोट भरते."

भूमेश्वरी भावाच्या पोटावर हात ठेवून बघायची. ते खपाटीला गेलेलं असायचं. सकाळी तो पुन्हा भुकेनेच उठायचा.

दिवाळी झाली की नाटकाचा हंगाम सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. रूपलाल आणि कुंता मला घेऊन नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडायचे. मधूनच कधी एखाद्या दिवसापुरते घरी यायचे. लेकरं घरी. शेजारी धुरपता नावाची म्हातारी राहायची. तिला जाताना सांगायचे, "आजी, लेकराइकडे लक्ष ठेवजो." धुरपता एकदा फटकळपणे म्हणाली होती, "मी लक्ष ठेवतो, पन तुमी घरात काय ठेवता रे त्याइच्यासाठी?" रूपलाल मोठ्याने हसला. त्याला वाटलं, म्हातारीने छान संवाद टाकला.

ज्या हंगामाची गोष्ट मी सांगणार आहे, तेव्हा भूमेश्वरी अकरा वर्षांची होती आणि ओमू सहाचा. थंडी कडाक्याची. ओमूला ताप भरला. गावातल्या आरोग्यसेविकेने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, उतरला नाही तर आमगावला सरकारी दवाखान्यात न्या. ताप उतरला नाही. पोरगं डोकं धरून रडू लागलं, उलट्या करू लागलं. सुलोचनाबाईंनी आपल्या फोनवरून रूपलालला फोन लावला. "उद्या येतो, मॅडम," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही त्याने उद्याच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन लागलाच नाही. नाटकाच्या तालमीत फोन बंद ठेवायचा त्याचा नियम होता.

सुलोचनाबाईंची त्याच सकाळी तालुक्याला सभा होती. धुरपताचे गुडघे धरलेले. भूमेश्वरीने कुणाची वाट बघितली नाही. ओमूला पाठीवर बांधलं आणि दरेकशाच्या स्टेशनावर जाऊन पॅसेंजर धरली. आमगावला उतरून ती दवाखान्यात जाणार होती, पण गाडीतल्या एका बाईने सांगितलं, "मोठ्या मानसाशिवाय भरती कसे करतीन वं? मायबाप कुठी हायेत?" मायबाप जवळच्याच गावात मंडईला आले होते. म्हणून ती आधी तिथे आली. हे सगळं मला नंतर धुरपताच्या बोलण्यातून कळलं. ती आली ते मात्र मी स्वतः पाहिलं.

दुपारची वेळ होती. पटांगणात मंडप बांधणं चालू होतं. रूपलाल चटईवर बसून माझे सूर तपासत होता. थंडीने माझे सूर उतरतात म्हणून त्याने मला गोधडीवर ठेवून वरून अर्धी गोधडी पांघरली होती. कुंता पलीकडे आरशासमोर बसून केस विंचरत होती. आणि समोर ती पोरगी येऊन उभी राहिली. पाय धुळीने पांढरे, पाठीवर ओमूची मान लटकलेली.

"बाबा, ओमूले लय ताप हाय. आत्ता दवाखान्यात चला."

रूपलालने ओमूच्या कपाळाला हात लावला. "हाय गा ताप," तो म्हणाला. "उतरन. आज मोठा खेळ हाय भूमे, दहा गावचं लोक येऊन राहिलं. उद्या सकाळी पहिलं काम हेच."

कुंता धावत आली. "माझा राजा वं, माझा सोन्या!" म्हणत तिने ओमूचा मुका घेतला. त्याच्या गालावर तिच्या तोंडाची पावडर उमटली. मग तिने मागे वळून आरशात पाहिलं. मित्रांनो, मी ते पाहिलं आहे. पोराच्या गालाला लागून आपल्या गालावरची पावडर किती पुसली गेली, ते तिने पाहिलं.

ओमू थरथर कापत होता. भूमेश्वरीने त्याला खाली ठेवलं. ती माझ्याकडे आली आणि तिने माझ्या अंगावरची गोधडी ओढली.

"अवं! पेटीले गारठा लागन ना!" रूपलाल म्हणाला आणि त्याने गोधडीचं दुसरं टोक धरलं.

क्षणभर दोघं ती गोधडी ओढत राहिले. एकीकडे अकरा वर्षांची पोर, दुसरीकडे तिचा बाप, आणि मधे मी. मंडप बांधणारी माणसं हातातलं काम टाकून बघू लागली. माणसं बघताहेत हे दिसल्यावर रूपलालने टोक सोडलं. पोरगं कापतंय हे त्याला आधीच दिसत होतं, तेव्हा नाही सोडलं.

घनश्याम नावाचा तबलजी पुढे आला. तोही कलाकारच होता, हे लक्षात ठेवा. त्याने तबला झाकला आणि म्हणाला, "पोरी, चाल. माझी मोटारसायकल हाय. मी मामा म्हनून सही करतो." त्याच्या मागे भूमेश्वरी बसली, दोघांच्या मधे गोधडीत गुंडाळलेला ओमू. गाडी धूळ उडवत गेली. मंडळीच्या मालकाने, दुधरामने, डोक्याला हात लावला. "आता तबला कोन वाजवन?"

तबल्याला दुसरा माणूस मिळाला. नाटक झालं. रूपलालच्या एका पदाला वन्स मोअर मिळाला. राजाचा मुलगा मरतो आणि राजा रडतो, असं ते पद होतं. त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहत होतं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझा भाता फुटावा असं मला वाटत होतं. पण मी चांगल्या कारागिराच्या हातची, फुटले नाही.

ओमूला आमगावहून गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. ताप मेंदूत गेला होता. तो वाचला. पण शुद्धीवर आल्यावर भूमेश्वरीने हाक मारली तर त्याने मान वळवली नाही. त्याचे दोन्ही कान गेले होते. रूपलाल तिथे पोचला तेव्हा डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं, "इतका उशीर का केला?" त्यावर रूपलालकडे कधी नव्हे ते वाक्य नव्हतं.

घरी आल्यावर मात्र त्याला वाक्यं सुचू लागली. पोरगा बहिरा झाला हे तो मानेचना. "कलाकाराचा पोरगा बहिरा? नाटक करून राहिला थो," म्हणायचा. एके दिवशी त्याने ओमूला माझ्यासमोर बसवलं, सगळ्या खुंट्या ओढल्या, एका हाताने जोरात भाता मारला आणि दुसरा पंजा माझ्या पट्ट्यांवर आदळला. मी किंचाळले. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. धुरपता काठी टेकत दारात आली. ओमू बापाच्या बोटांकडे बघून हसत होता. त्याला तो खेळ वाटला. रूपलाल आदळत राहिला, आदळत राहिला, आणि मग माझ्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

"माझं नशीब! माझ्यामागं माझं गानं चालवनारा कोनी राह्यला नाई!"

भूमेश्वरी तांदूळ निवडत बसली होती. ती उठली. तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, तुमी त्याच्यासाठी नाई रडून राहिले. आपल्यासाठीच रडून राहिले."

तिने ओमूला उचललं आणि बाहेर नेलं.

पुढे सुलोचनाबाईंनी चौकशी केली. गोंदियात ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांची शाळा होती. तिथे हातांच्या खुणांनी शिकवतात, लिहा-वाचायला येतं. बाईंनी सगळी सोय लावायची तयारी दाखवली. रूपलालचा फक्त होकार हवा होता. त्याने नकारार्थी मान हलवली. "पेटीवाल्या रूपलालचा पोरगा मुक्याइच्या शाळेत? मंडळीत माझी इज्जत का राहीन, मॅडम? मी त्याले घरीच मोठा करतो."

घरी! कुठल्या घरी, हे बाईंनी विचारलं नाही. त्या सभ्य होत्या.

ओमू आठ वर्षांचा होत आला तरी अंगणात बसून खडे मोजण्याखेरीज त्याला काही नव्हतं. गावातली पोरं त्याच्या मागून ओरडायची आणि तो वळत नाही म्हणून हसायची. भूमेश्वरी एकेकाला पकडून बदडायची. तिचे हात भाजीच्या काट्यांनी आणि मारामारीने सदा ओरखडलेले असत.

त्या वर्षी गावच्या मंडईत रूपलालचा सत्कार ठरला. भरदुपारी मंडपात व्यासपीठ, हार, शाल, नारळ. मलाही पुसूनबिसून मधोमध ठेवलं आणि माझ्या अंगावर झेंडूची माळ घातली. गोंदियाहून दुर्गाप्रसाद नावाचे व्यापारी पाहुणे म्हणून आले होते. ते मायकावर म्हणाले, "भाइयों, कलाकार कैसा होता है, रूपलालजी को देखिए. कला के लिए इन्होंने घर-बार छोड़ दिया!" टाळ्यांचा कडकडाट झाला. रूपलालने मान झुकवली. झुकवावी कशी, हे त्याच्याकडून शिकावं.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता यांची कन्या भूमेश्वरी वडिलांबद्दल दोन शब्द बोलेल, आणि एक गाणं म्हणेल." तेरा वर्षांची भूमेश्वरी वर आली. कुणाच्या तरी मापाचा झगा घातलेला. मायक तिच्या उंचीला खाली केला.

"पाहुन्याइनं सांगतलं का बाबानं घरदार सोडलं," ती म्हणाली. "खरं हाय. घरदार म्हंजे मी आन् ओमू."

कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत.

"मी गाऊ शकतो. पन आज गात नाई. ओमू थ्या खांबाजोळ बसून हाय. तुमी आत्ता येवढ्या टाळ्या वाजवल्या, त्याले एकबी ऐकू नाई आली. त्याले गोंदियाच्या शाळेत पाठवाचं हाय. मॅडम तयार हायेत. बाबा नाई म्हनते. म्हनते, कलाकाराची इज्जत जाईन." ती बापाकडे वळली. "बाबा, आता सगळे हायेत. पाठवता का नाई, सांगा."

मग मागून धुरपताचा चिरका आवाज आला, "सांग ना गा रुपलाल! आता तोंड काऊन बंद?" केवळराम उभा राहिला. तो तर भाऊ, आजवर धान टाकून मोकळा होणारा. त्याचीही मान खाली होती. पण तो म्हणाला, "रुपा, हो म्हन."

रूपलाल उठला. खांद्यावरची शाल सावरली. सगळा मंडप आपल्याकडे बघतो आहे, हे त्याने एकदा नजर फिरवून पाहिलं. आणि मग त्याने दोन्ही हात पसरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि राजाच्या आवाजात म्हणाला, "पाठवतो! माझं काळीज तोडून पाठवतो!"

आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. पोरीने भीक मागावी तसा भावाचा हक्क मागितला, आणि टाळी बापाने घेतली. माझ्या अंगावरची ती झेंडूची माळ मला विंचवांसारखी डसत होती.

घरी गेल्यावर कुंता तोंड फिरवून म्हणाली, "भर सभेत बापाची अब्रू घेतली तुनं."

"होती तेवढीच घेतली, माय," भूमेश्वरी म्हणाली आणि ओमूचे दोन सदरे पिशवीत भरायला लागली.

धुरपताची विधवा लेक चेतना मुर्रीला राहते. तिने दोघांना आपल्या घरात जागा दिली. ओमू शाळेत जाऊ लागला. भूमेश्वरीही शाळेत जायची, बाकीच्या वेळात चेतनाच्या खानावळीत पोळ्या लाटायची. पहिल्या महिन्यात ओमूने तिला हातांनी एक खूण करून दाखवली. तिने हातानेच विचारलं, हे काय? त्याने तिच्याकडे बोट दाखवलं आणि पाटीवर लिहिलं, ताई. अंगणात उभ्या राहून ती पोरगी रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रडली, असं चेतना सांगते.

आता भूमेश्वरी वीस वर्षांची आहे. तिने आयटीआयमध्ये वायरमनचं शिक्षण घेतलं आणि घराघरांत विजेची कामं करते. मुर्रीतच तिने स्वतंत्र खोली घेतली. ओमू लांबट हाडाचा पोरगा झालाय. चित्रं काढतो, भांडतो, क्रिकेट खेळतो. दोघं भाऊबहीण हातांनी एवढं बोलतात की त्यांच्या खोलीत शांतता असूनही गलका वाटतो.

हे मला कसं ठाऊक? मी त्याच खोलीत आहे. रूपलालच्या मंडळीत नवा इलेक्ट्रिक बाजा आला आणि मला काम राहिलं नाही. एके दिवशी कुंता मला गाडीत घालून इथे घेऊन आली. तिचे केस पिकले आहेत, पण बोलणं तेच. "तुह्या बाबानं पाठवली. म्हनते, पेटी म्हंजे पोरीचा वारसा." भूमेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती मला रस्त्यावर भिरकावून देईल. द्यावंच असं मला वाटत होतं. तिने मला भिंतीशी सरकवलं, फडक्याने धूळ पुसली आणि माझ्यावर भाताचं पातेलं ठेवलं. खोलीत टेबल नव्हतं. तेव्हापासून मी टेबल आहे. ओमूने दोनदा मला उघडून माझ्या आत काय आहे ते पाहिलं. एक सूर हरवला. कुणी त्याला रागावलं नाही.

या उन्हाळ्यात रूपलाल आला. गळा बसलेला, केस विरळ, पण खांद्यावर तीच शाल. भाऊबहीण जेवायला बसत होती. दारातच तो थबकला.

"भूमे! पेटीवर भात?"

"हो," ती म्हणाली. "बसा. वाढतो."

ओमूने आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि तोंडाकडे हात नेऊन खाण्याची खूण केली. रूपलाल बसला. त्याने भात खाल्ला, पुन्हा मागितला. तिने पुन्हा वाढला. खाता खाता तो आपल्या जुन्या नाटकांचं सांगू लागला, अमुक गावी कसा वन्स मोअर मिळाला, तमुक गावी लोक कसे रडले. ओमूला काही ऐकू येत नव्हतं. भूमेश्वरीला येत होतं, पण ती ऐकत नव्हती. ती भावाच्या ताटात किती भात उरलाय ते बघत होती.

जाताना तो दारात वळला. आवाज घोगरा करून म्हणाला, "पोरी, बापाले माफ केलं ना वं?"

भूमेश्वरी ताटं उचलत होती. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"भात वाढला, बाबा," ती म्हणाली. "येवढंच होते माझ्यानं."

तो गेला. वाटेत त्याने यावर एखादं पद रचलं असेल, मला खात्री आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आम्हाला सांभाळा म्हणून. मी नाही करणार. माझे सूर गंजोत, मला वाळवी लागो. मला दुसरंच सांगायचं आहे, आणि ते विनवणीच्या सुरात सांगण्याइतकी मी आता मऊ राहिलेली नाही. तुमच्या गावात कधी कुणाचा सत्कार असेल, कुणी मायकावर सांगेल की ह्याने सगळं सोडून मोठं काम केलं, तर टाळीसाठी उचललेले हात थोडे थांबवा. आधी त्याच्या घरी जा. त्याच्या चुलीत हात घालून बघा, राख ऊन आहे की थंड. मग ठरवा टाळ्या वाजवायच्या की नाही.